कशिद्यांतील जन्मतारीख : एक साधनपरीक्षा

इंग्लंडांतील शाळांतून अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मुलींकडून वर्णमालेचा कशिदापट करवून घेण्याची चाल होती. चादरी, रुमाल इत्यादि वस्त्रांवर मालकाच्या नांवाचीं आद्याक्षरें व अंक घालतां यावे, हा त्यांतील व्यावहारिक हेतु. मुली पटावर आपलें नांव, वय व वर्ष घालीत. कांहीं पटांवर आईबापांच्या व भावंडांच्या जन्ममृत्यूंच्या तारखाही आढळतात. अर्थात् हे पट कुलवृत्तान्ताचें साधन ठरतात. आणि साधन म्हटलें कीं त्याची परीक्षा आलीच. ती कशी करावी हें दाखविण्यासाठीं या परंपरेंतील एक जुना पट येथें घेतों.

लंडन येथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत जेन बॉस्टॉक हिनें इ. स. १५९८ मध्यें केलेला पट आहे. वर्ष घातलेल्या ज्ञात ब्रिटिश पटांत हा सर्वांत जुना होय. लिननच्या कापडावर रेशमी व जरीच्या धाग्यांनीं हें काम केलेलें असून, ॲलिस ली हिचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवार, दुपारनंतर झाल्याची नोंद वर्णमालेसोबत आहे.

या वर्णमालेंत ‘जे’ व ‘यू’ हीं अक्षरें नाहींत. ही शिकणारीची चूक समजूं नये. ‘आय’हून ‘जे’ व ‘व्ही’हून ‘यू’ हे स्वतंत्र वर्ण मानण्याचा प्रघात तेव्हां रूढ झाला नव्हता. ही उणीव दोष नसून काळाची खूण आहे.

आतां वार पाहूं. ग्रेगोरियन जंत्रीप्रमाणें २३ नोव्हेंबर १५९६ रोजीं शनिवार येतो. एवढ्यावरून नोंद खोटी ठरविणारा फसेल. इंग्लंडनें ही गणना १७५२ मध्यें स्वीकारली. तोंपर्यंत तेथें जुलियन गणना चालत असे व १५९६ मध्यें दोहोंत दहा दिवसांचें अंतर होतें. म्हणून नोंदींतील दिवस नव्या गणनेनें ३ डिसेंबर होतो, आणि त्या दिवशीं मंगळवारच पडतो. वार जुळला एवढ्यानें सर्व सिद्ध झालें असें नव्हे. सातांत एकदां तो योगायोगानेंही जुळेल. परंतु जन्मानंतर दोनच वर्षांनीं टांके घातलेली व तत्कालीन गणनेशीं जमणारी ही नोंद समकालीन मानण्यास हरकत नाहीं. मात्र आडनांवें भिन्न असलेल्या या दोघींचें नातें केवळ पटावरून ठरवूं नये. त्यास चर्चच्या नोंदवह्या व मृत्युपत्रें यांचीच साक्ष पाहिजे.

हाच न्याय आपल्या इतिहासासही लागू आहे. शिवकालीन इंग्रज वखारींच्या पत्रांत जुनी गणना, तर गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांत नवी. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची. नव्या गणनेनें तो दिवस १६ जून होय.

दफ्तरांत ज्यांचीं नांवें क्वचितच येतात, अशा स्त्रियांनीं स्वहस्तें नोंदविलेली ही साक्ष आहे. जुनी पेटी उपसतांना कशिदा सांपडल्यास त्यावरील अंक वाचल्यावांचून तो टाकूं नये.