सणाच्या दिवशीच वाईट बातमी येते तेव्हा…

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरातली मंडळी फराळाला बसावीत आणि त्याच क्षणी युद्धाची बातमी येऊन थडकावी, तर त्या घराची काय अवस्था होईल? ज्यू समाजाच्या वाट्याला हा अनुभव वारंवार आला आहे. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला चढवला, तो योम किप्पूरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात सिनेगॉगवर हल्ला झाला, तोही योम किप्पूरलाच. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला केला, तो दिवस सिमहात तोरा या आनंदसोहळ्याचा. आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतात दसऱ्याचं सोनं लुटलं जात असताना इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एका सिनेगॉगवर हल्ला झाला. दोन भाविक प्राणांना मुकले. तो दिवसही योम किप्पूरचाच होता.

अशा वेळी सण साजरा करायचा तरी कसा? आणि एकमेकांना ‘शाना तोवा’, म्हणजे ‘नवं वर्ष चांगलं जावो’, असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

आधी क्षमा, मग प्रार्थना

उत्तराचा काही भाग या सणांच्या रचनेतच दडला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या तिश्री महिन्यात रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष सुरू होतं. मधात बुडवलेली सफरचंदाची फोड खाऊन वर्ष गोड जावं अशी इच्छा व्यक्त केली जाते. पण त्यानंतरचे दिवस जल्लोषाचे नसतात. दहाव्या दिवशी येणाऱ्या योम किप्पूरपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या वागण्याचा हिशेब मांडायचा असतो. धर्मशास्त्र सांगतं, की देवाचा अपराध केला असेल तर प्रार्थना करावी. पण माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय क्षमा नाही. म्हणून या दिवसांत दुरावलेले नातेवाईक, रुसलेले शेजारी यांच्याकडे लोक आपणहून जातात.

योम किप्पूरच्या दुपारी योना संदेष्ट्याची कथा वाचली जाते. निनवे हे शत्रूचं शहर. तिथल्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने त्यांना माफ केलं. योनाला ते रुचलं नाही, तेव्हा देवानेच त्याला समजावलं. सर्वांत पवित्र दिवशी शत्रूवरच्या दयेची गोष्ट ऐकायची, ही परंपरा विचार करायला लावणारी आहे.

हालेचं दार

९ ऑक्टोबर २०१९ रोजी हालेच्या सिनेगॉगमध्ये पन्नासएक माणसं प्रार्थनेला जमली होती. हल्लेखोराने गोळ्या झाडल्या, स्फोटकं फेकली. पण लाकडी दार तुटलं नाही. चवताळून त्याने रस्त्यावरच्या एका महिलेला आणि जवळच्या कबाबच्या दुकानातल्या एका तरुणाला ठार केलं. दोघंही ज्यू नव्हते. आतल्या भाविकांना पुढे रुग्णालयात हलवण्यात आलं, तेव्हा राहिलेली प्रार्थना त्यांनी तिथेच पूर्ण केली. पुढे त्या कबाबच्या दुकानाचा धंदा बसू लागला, तेव्हा मदतीचा निधी जमवला तो जर्मनीतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेने. दुकान चालवणारे तुर्की वंशाचे होते. ज्या दाराने जीव वाचवले, ते आज सिनेगॉगच्या आवारात स्मारक म्हणून जपलं आहे.

विवियनची वाट

योम किप्पूरनंतर पाचच दिवसांनी सुक्कोत येतो. आपल्याकडच्या मांडवासारखी छोटी झोपडी उभारून आठवडाभर तिच्यात जेवायचं. छप्पर फांद्यांचं आणि इतकं विरळ, की रात्री चांदण्या दिसाव्यात. पक्कं घर सोडून अशा तकलादू आसऱ्याखाली आनंद मानायचा, पाहुण्यांना बोलवायचं, हीच या सणाची शिकवण.

२०२३ च्या सुक्कोतमध्ये, ४ ऑक्टोबरला, मोठ्या संख्येने इस्राएली आणि पॅलेस्टिनी स्त्रिया शांततेची मागणी करत एकत्र आल्या होत्या. त्यांत ७४ वर्षांच्या विवियन सिल्व्हर होत्या. तीनच दिवसांनी हमासच्या हल्ल्यात त्या बेएरी गावातल्या आपल्या घरी मारल्या गेल्या. त्या हल्ल्यात सुमारे १,२०० जणांचा बळी गेला, २५१ जणांना ओलीस नेलं गेलं. नंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकडेवारीनुसार, ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले. एवढ्या दुःखानंतर सूडाची भाषा सोपी होती. पण विवियन यांचा मुलगा योनातान झायगेन याने आपलं काम सोडून आईचं शांततेचं कार्य हाती घेतलं. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी जिवंत असलेले अखेरचे २० ओलीस घरी परतले, तेव्हा सिमहात तोराचीच पूर्वसंध्या होती.

कोकणातला शिळा सण

या सणांशी महाराष्ट्राचंही जुनं नातं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, असं बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली. रोश हशाना झाला ‘नव्याचा सण’. योम किप्पूर झाला ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घेण्याचा दिवस. घराघरांची दारं बंद करून, पांढरे कपडे घालून सारे उपवास करत. पण दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ असे. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि मित्रमंडळींच्या भेटीला जायचं.

आणखी एक रीत जगभरचे ज्यू आजही पाळतात. योम किप्पूरचा उपवास सुटला, की त्याच रात्री सुक्कोतच्या झोपडीची पहिली मेख ठोकायची. बातमी कशीही असो, दुसऱ्यांसाठी आसरा उभारण्याचं काम उद्यावर टाकायचं नाही.