कट्यार गावोगावी

प्रयोग रात्री साडेनऊचा असला तरी नाटक गावात दुपारीच दाखल होतं. नाट्यगृहाच्या मागच्या दाराला टेम्पो लागतो आणि एकेक सामान उतरू लागतं. हवेलीच्या कमानी रंगवलेले फ्लॅट, पायऱ्यांच्या लेव्हल, गुंडाळलेले गालिचे, कपडेपटाच्या ट्रंका, दिव्यांच्या पेट्या. फ्लॅटच्या पाठीवर आकडे घातलेले असतात, त्यामुळे कुठला कुठे हे कुणी कुणाला विचारत नाही. तरी रंगमंच कामगारांचं पहिलं काम फ्लॅट उभे करण्याचं नसतंच. ते आधी पावलांनी रंगमंच मोजतात. एका गावात विंगा ऐसपैस, दुसऱ्या गावात नट वळला तर भिंतीला लागेल इतक्या अरुंद. विश्रामपूरच्या राजगायकाची हवेली आज चार कमानींची उभी राहायची की तीनच, हे त्या पावलांवर ठरतं. बाकीचा संच संध्याकाळी बसने येतो तेव्हा हवेली तयार असते, आणि नट सवयीने एकदा सगळ्या पायऱ्या चढून-उतरून घेतात.

‘कट्यार काळजात घुसली’ मी मुंबईत पाहिलं आहे, पुण्यात पाहिलं आहे, आणि दौऱ्यावर पाहिलं आहे. दौऱ्यावरचा प्रयोग म्हणजे दुय्यम, अस्सल नाटक शिवाजी मंदिरात किंवा बालगंधर्वला, ही समजूत रसिकांत पक्की रुजलेली आहे. संगीत नाटकाच्या बाबतीत मला ती मुळीच पटत नाही. गद्य नाटकाचे शब्द ठरलेले असतात, ते सगळीकडे तेवढेच राहतात. संगीत नाटकातलं पद मात्र समोर कोण बसलं आहे यावर वाढतं, आखडतं, वळतं. गाव बदललं की नाटक बदलतं.

हा प्रकार जन्मापासूनच फिरता आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं आणि पुढे आपली मंडळी घेऊन ते गावोगाव हिंडले. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात उभं राहिलं, पण किर्लोस्कर मंडळीचं आयुष्य गेलं ते मुक्कामांवर. देवलांच्या ‘शारदे’चा पहिला प्रयोग 1899 साली इंदूरला झाला. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ 1908 मध्ये काढली ती हुबळीत. मराठी गाण्याचा नकाशा आजच्या महाराष्ट्राच्या नकाशापेक्षा बराच मोठा होता, आणि तो या कंपन्यांच्या बैलगाड्यांनी आणि रेल्वेच्या डब्यांनी काढला होता.

तेव्हाचा मुक्काम म्हणजे आजच्यासारखी एका रात्रीची वस्ती नव्हे. कंपनी गावात यायची ती आठवडेच्या आठवडे राहायची. बिऱ्हाड, कोठी, आचारी, तालीममास्तर, सगळा लवाजमा बरोबर. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते. म्हणजे ज्या साथीसाठी एरवी एखाद्या संस्थानिकाच्या दरबारात प्रवेश मिळवावा लागला असता, ती तिकीट काढणाऱ्या कुणालाही ऐकायला मिळत होती. गावातला शिंपी, वकील, शाळामास्तर असे सगळे तीच पदं वारंवार ऐकायचे. कान तयार झाले ते असे. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताला इतका मोठा श्रोता का मिळाला, याचं उत्तर शोधताना या मुक्कामांकडे पाहावंच लागतं.

मग बोलपट आले. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि 1935 साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये पडद्यावर दिसले. नाटकाची थिएटरं सिनेमाकडे गेली, मंडळ्या कर्जात बुडाल्या, मुक्काम संपले.

‘कट्यार’ आलं ते या पडझडीनंतर बऱ्याच काळाने, 1967 च्या डिसेंबरात. संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा, लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे. दारव्हेकर नागपूरचे. वसंतराव मूर्तिजापुरात जन्मले आणि नागपुरात वाढले. अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीचे. सदाशिवचं काम करणारे प्रसाद सावकारही गोव्याचे, आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या फैय्याज. विदर्भ आणि गोवा ही मराठी मुलुखाची दोन टोकं या नाटकात एकत्र आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गोष्टही गायकीचीच आहे. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्याबरोबर एक खून माफ असतो. पंडित भानुशंकरांचं पद खाँसाहेबांकडे जातं, आणि पंडितजींचं गाणं शिकण्याची आस धरलेला सदाशिव खाँसाहेबांच्या हवेलीत चोरून त्यांची विद्या टिपू लागतो. एका घराण्याचं गाणं गळ्यात असताना दुसऱ्याचं ऐकू द्यायचं का, मुळात गाणं कुणाच्या मालकीचं असतं का, हा झगडा संवादांत आहेच. पण अभिषेकींनी तो स्वरांत घातला. एकाच पदाला त्यांनी दोन चाली दिल्या. पंडितजींच्या परंपरेतली चाल ठाय, शांत, शब्दाला धरून चालणारी. खाँसाहेबांची चाल त्याच अक्षरांवर झेप घेणारी, पंजाबी अंगाच्या हरकतींनी भरलेली. शब्द तेच, आणि माणूस मात्र पूर्ण वेगळा. रागांची नावंही माहीत नसलेला प्रेक्षक घराणं म्हणजे काय ते इथे पाच मिनिटांत समजून घेतो. संगीत शिक्षणाचे वर्ग वर्षभर चालवून जे साधत नाही, ते या एका युक्तीने साधलं आहे.

वसंतरावांना ही भूमिका अंगच्या कपड्यासारखी बसली, याचं कारण त्यांच्या शिक्षणात आहे. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारवाले अमान अली खाँ, आणि लहानपणापासून कानात दीनानाथ मंगेशकर. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत त्यांनी हे सगळं गळ्यात मुरवलं. कुठल्याही एका घराण्याच्या चौकटीत न मावणारा हा गायक घराण्याचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या खाँसाहेबांचं काम करत होता. त्यांच्या गाण्यातली धग त्या विरोधातूनही येत असावी, असं मला रेकॉर्ड ऐकताना नेहमी वाटतं.

ही भूमिका हेच या नाटकाचं बळ आणि हीच त्याची मोठी अडचण. 1983 मध्ये वसंतराव गेल्यावर खाँसाहेब कोण, हा प्रश्न उभा राहिला आणि पुढे प्रत्येक पुनरुज्जीवनाला तो नव्याने सोडवावा लागला. 2010 साली त्यांचे नातू राहुल देशपांडे ती पगडी चढवून उभे राहिले, दिग्दर्शन सुबोध भावे यांचं होतं, आणि महेश काळे सदाशिव झाले. पाच वर्षांनी भाव्यांनीच त्यावर चित्रपट केला. चित्रपटामुळे ही पदं मुलांच्या ओठांवर आली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण चित्रपटातलं पद कायमचं ठरून गेलेलं असतं, आणि या नाटकाचं सगळं मर्म ते ठरलेलं नसण्यात आहे.

सांगलीचा प्रयोग आठवतो तो यासाठी. विष्णुदास भावे नाट्यमंदिर, नवा संच, आणि निम्मा प्रेक्षक मिरजेहून आलेला. मिरजेचा प्रेक्षक निराळाच. तिथे सतारमेकरांच्या गल्लीत वाळवलेल्या भोपळ्यांतून तंबोरे घडतात. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गवई आजही हजेरी लावतात. हिंदू पंडित आणि मुसलमान उस्ताद यांच्या गाण्याची गोष्ट या लोकांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्या गावाचं गाणं दर्ग्याच्या अंगणातच वाढलेलं आहे.

आदल्या रात्री दुसऱ्या गावी प्रयोग झाला होता. खाँसाहेबांचं काम करणाऱ्या नटाचा आवाज पहिल्या अंकात किंचित खरखरत होता, आणि तो शहाणपणाने खालच्या स्वरांत राहून गळा राखत होता. पिटात बसलेल्या ऑर्गनवाल्याने ते दोन ओळींत ओळखलं. त्याने वरच्या सप्तकातली भरणी काढून टाकली आणि मंद्राचा षड्ज धरून ठेवला. गवयाला टेकायला जागा मिळाली. दुसऱ्या अंकात खाँसाहेबांनी त्या दुहेरी पदाला हात घातला तेव्हा मागच्या रांगांतून एक दाद आली. ती टाळी नव्हती, नुसती ‘हां’ होती, समेच्या अलीकडे अर्धी मात्रा. जाणकाराची दाद तिथेच येते. नटाने मान वळवली नाही, पण पुढचं आवर्तन त्याने सोडून दिलं आणि एक तान घेतली, जी मुंबईत मी ऐकलेली नव्हती. मग दुसरी. तबलजी हसत होता. ‘वन्स मोअर’ आला तेव्हा त्याने पद पहिल्यापासून न घेता फक्त अंतरा घेतला, आणि तोही निराळ्या वाटेने. मुखड्याला परत येताना तो मुद्दाम एक मात्रा उशिरा आला, आणि सगळं नाट्यगृह एकदम श्वास सोडावा तसं ओरडलं.

हे मुंबईत घडत नाही असं नाही. पण गायकाला त्या रात्री तिथे ओढून नेलं ते मागच्या रांगेतल्या त्या ‘हां’ने, आणि ती मिरजेची होती.

ऑर्गनबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण दौऱ्यात सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. पायांनी आळीपाळीने दोन पट्ट्या दाबायच्या, त्याने आतल्या भात्यातली हवा ओढली जाते आणि पितळी पट्ट्या थरथरतात. दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून एका हाताने आधार आणि दुसऱ्याने गाण्याची सावली धरता येते. त्याच्यावर मींड निघत नाही, सारंगीसारखा तो गळ्याच्या आत शिरू शकत नाही. पण त्याचा भरीव स्वर शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात कंपन्यांनी त्याला जवळ केलं याचं हेही एक कारण असावं. सावकाश दाबलं की स्वर मऊ होतो, जोर दिला की फुगतो. वाजवणाऱ्याचा पाय गवयाच्या श्वासाबरोबर चालतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी अडकते, टेम्पोतल्या हादऱ्यांनी एखादा स्वर मुका होतो. म्हणून अनेक संच आता विजेवरचा कीबोर्ड नेतात. त्याची सोय मला समजते, रोज रात्री ते धूड उचलणारे हात मी पाहिले आहेत. तरीही ‘कट्यार’ला ऑर्गनच हवा. दम लागणाऱ्या गळ्याबरोबर वाद्यालाही दम लागायला हवा.

आणि रोज हे शक्यही नसतं. गायक नटाला लागोपाठ प्रयोग झेपत नाहीत. गद्य नाटकाचा संच एका दिवशी दुपार आणि रात्र असे दोन प्रयोग करून पुढे जातो. इथे गळा बसला की तारीख गेली, आणि प्रमुख भूमिकेला दुसरा माणूस सहजी मिळत नाही. साथीदार वाढतात, बसमधल्या जागा वाढतात, जेवणाची पानं वाढतात, पण तिकिटाचा दर गद्य नाटकाच्या फार वर नेता येत नाही. तरी कुणी ना कुणी व्यवस्थापक पुन्हा गणित मांडतो, गावोगावच्या कंत्राटदारांना फोन लावतो आणि पंधरवड्याचा दौरा बांधतो. या माणसांची नावं जाहिरातीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत असतात. मी ती आवर्जून वाचतो.

दौरा जगायचा तर गावात नाट्यगृह शिल्लक हवं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. गाणं आणि कुस्ती एकमेकांना लागून असावीत, ही त्या राजाची जाण. त्या जागी पुन्हा नाट्यगृह उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं, हे चांगलंच झालं. पण आग लागली नसतानाही मोडकळीला आलेली नाट्यगृहं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मी एका ठिकाणी पहिला अंकभर ध्वनिक्षेपकाची घरघर ऐकली आहे, आणि झरीनेचं अत्यंत हळवं पद त्या घरघरीत विरताना पाहिलं आहे. पिटातली गळकी जागा टाळून तबलजीने कोपऱ्यात बैठक मांडली होती. संगीत नाटकाला अनुदान हवंच, पण त्याआधी शांत हॉल हवा, कोरडा पिट हवा आणि नटांच्या खोलीत गरम पाणी हवं. नगरपालिकांनी ठरवलं तर हे अवघड नाही.

पुढचा प्रयोग मला मडगावला पाहायचा आहे, रवींद्र भवनात. गोव्यात देवळांच्या जत्रांना गावकरी स्वतः संगीत नाटक करतात, त्यामुळे प्रेक्षागृहातल्या पुष्कळ जणांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावून पद म्हटलेलं असतं. अभिषेकी त्यांच्या घरचे. तिथे खाँसाहेबांच्या तानेपेक्षा सदाशिवच्या ठाय चालीला जास्त दाद मिळते, असं सांगलीला शेजारच्या खुर्चीत बसलेल्या फोंड्याच्या एका गृहस्थांनी मला छातीठोक सांगितलं, आणि पाठीमागच्या मिरजकरांना ते अजिबात मान्य नव्हतं. मध्यंतराचा चहा थंड होईपर्यंत दोघे भांडले. मी तिकीट काढलं आहे, सहाव्या रांगेतलं.