बंब निघाला तुळजापूरला

व्हॅनलाइफच्या रील्स बघून तुमच्याही डोक्यात किडा वळवळत असेल. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, आत बेड ठोकायचा आणि सुटायचं. लडाखचं नंतर बघू, आधी घरच्यांना घेऊन तुळजापूरला जाऊन दाखवा! पौषातलं शाकंभरी नवरात्र, रात्रीचा प्रवास, पहाटे दर्शनाची रांग आणि त्याआधी आंघोळ. झोपायची सोय केलीत हो, पण बालाघाटाच्या डोंगरावरच्या गारठ्यात आजीच्या बादलीत गरम पाणी कुठून येणार?

पहिली आठवण येते ती इन्व्हर्टर आणि हीटिंग रॉडची. जरा हिशेब करा. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण ०.५८ युनिट वीज लागते. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत असतं सगळं मिळून १.२ युनिट. म्हणजे दोन आंघोळींत बॅटरी झोपली. शिवाय पत्र्याची गाडी, ओले पाय आणि रॉड... नकोच ते.

खरं तर उष्णता बॉनेटखालीच आहे. डिझेलमधल्या ऊर्जेचा बराच मोठा वाटा इंजिन कूलंटमार्फत हवेत फेकून देतं, आणि ते कूलंट ८०-९० अंशांचं असतं. त्याचा एक फाटा काढून पाण्याच्या टाकीतल्या कॉईलमधून फिरवायचा. आजोळचा तांब्याचा बंब आठवतोय? मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. दोघांची गाठ पडते ती तांब्याच्या भिंतीतूनच. इथे जाळाच्या जागी कूलंट, एवढाच फरक. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. तेवढ्या वाटेत टाकी तापते आणि तिला फोमचं जाड जॅकेट घातलं असेल तर पहाटेपर्यंत पाणी बऱ्यापैकी गरम राहतं.

गाडी उभी असताना काय? त्यासाठी वेबास्टो किंवा एबरस्पेशरसारखा डिझेलवरचा वॉटर हीटर त्याच फाट्यात जोडतात. ५ किलोवॉटचा हीटर मघाचं २० लिटर पाणी सात-आठ मिनिटांत तापवतो. डिझेल जातं अर्ध्या कपापेक्षा कमी. परदेशात याच कूलंटवर रेडिएटर लावून गाडीही उबदार करतात. आपल्याकडे त्यावर पैसे घालू नका, गोधडी पुरते. फारतर पुढच्या लडाखसाठी पाइपाची दोन तोंडं बंद करून ठेवा.

पण कंजुषी कुठे करायची नाही, तेही ऐका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, म्हणून कॉईल उत्तम प्रतीचीच हवी आणि हे पाणी फक्त अंगावर घ्यायचं, चहाला नाही. नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर आजीच्या हातावर थेट ८० अंशांचं पाणी येईल. टाकीला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही लागतो. हीटरचा धूर गाडीबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब सोडा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला ना रंग ना वास. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपलेले लोक उठत नाहीत, ते त्याच्यामुळेच.

कामाला हात घालण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघते. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलंय, तेही वाचून ठेवा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. प्लेटवाल्या हीट एक्स्चेंजरच्या बारीक फटी क्षारांनी लवकर तुंबतात, त्यामानाने कॉईलची टाकी जास्त सोसते. अधूनमधून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने ती धुवायची.

आणि टाकी २०च लिटरची असू दे. त्यातल्या ७५ अंशांच्या पाण्यात गार मिसळलं की ४२ अंशांचं ५० लिटर होतं, म्हणजे तीन बादल्या. चौथ्याला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागेल. तो चौथा कोण, ते निघण्याआधी घरातच ठरवा.