न पुसणारे रजिस्टर

सोलापुरातल्या एखाद्या शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. समजा, प्रत्येक पानावर मागच्या पानाच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण लिहिली आणि प्रती अनेक शाळांत ठेवल्या. आता कोणी एक जन्मतारीख बदलली, की खुणा जुळेनाशा होतील. हीच ब्लॉकचेन. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात जातीच्या दाखल्यांसाठी हे तंत्र हाती घेतले गेले.

पण मुळात चुकीची लिहिलेली नोंद साखळीला ओळखता येत नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे; साखळीतले तर पुसता येत नाही. म्हणून साखळीत नाव-जात नव्हे, दाखल्याची खूणच ठेवावी. आणि रजिस्टर भरताना जन्मतारीख आपण दोनदा वाचावी!