एका मोडक्या शिडीतून उभी राहिलेली लीग

देश स्वतंत्र झाला की झेंडा आणि राष्ट्रगीत ठरायला वेळ लागत नाही. फुटबॉलची लीग लावणं मात्र जिकिरीचं काम. आर्मेनियात पहिली राष्ट्रीय लीग १९९२ साली झाली आणि तिचा निकाल चक्रावून टाकणारा लागला. विजेते दोन: ग्युमरीचा शिराक आणि येरेवानचा होमेनेत्मेन. हे कसं घडलं ते कळायला आधी जुनी सोव्हिएत व्यवस्था बघावी लागते.

ती व्यवस्था शिडीसारखी होती. सर्वात वर अख्ख्या सोव्हिएत संघाची मुख्य लीग, तिच्याखाली पहिली लीग, मग विभागवार दुसरी लीग आणि तळाशी प्रत्येक प्रजासत्ताकाची आपापली स्पर्धा. आर्मेनियाचे संघ या शिडीवर वरखाली विखुरलेले होते. वरच्या पायरीवर एकटा आरारात. येरेवानच्या या संघाने १९७३ साली निकिता सिमोन्यान यांच्या मार्गदर्शनाखाली सोव्हिएत लीग आणि कप, दोन्ही एकाच वर्षी जिंकले. पुढे १९७५ मध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याने बायर्न म्युनिकला येरेवानमध्ये १-० असं हरवलं, पण म्युनिकमधली ०-२ ची पिछाडी भरून निघाली नाही. जॉर्जियाचे आणि लिथुआनियाचे मातब्बर संघ १९९० मध्येच सोव्हिएत स्पर्धेतून बाहेर पडले होते. आरारात १९९१ च्या शेवटच्या हंगामापर्यंत खेळत राहिला.

सोव्हिएत संघ कोसळला तशी शिडीही गेली. कीव, मॉस्को, मिन्स्कशी खेळणारा आरारात आणि तालुक्याच्या मैदानावरचे संघ आता एकाच रांगेत आले. जानेवारी १९९२ मध्ये देशाचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि पहिल्या हंगामात तब्बल २४ संघ उतरले. जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या देशात २४ संघ म्हणजे जरा अतीच, पण कोणाला कुठल्या आधारावर बाहेर ठेवणार? मागच्या वर्षी सगळे वेगवेगळ्या पायऱ्यांवर होते, तुलनेला सामायिक तक्ताच नव्हता. म्हणून पहिल्या हंगामाचं खरं काम चाळणी लावण्याचं होतं, विजेता त्यातून निघणार होता.

गणित बघा. २४ संघांनी एकमेकांच्या घरी एकेक सामना खेळायचा म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४६ सामने येतात आणि एकूण सामने होतात ५५२. बाराच्या गटात संघामागे सामन्यांचा आकडा २२ वर येतो. म्हणून संघ दोन गटांत विभागले, आणि गटांतली लढत संपल्यावर वरच्यांनी विजेतेपदासाठी, खालच्यांनी आपली जागा राखण्यासाठी खेळायचं असं ठरलं.

शिवाय काळ कसा होता? काराबाख प्रदेशावरून अझरबैजानशी युद्ध पेटलेलं, अझरबैजानने रेल्वे आणि गॅस अडवलेला. १९८८ च्या भूकंपानंतर मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद केलेलं, ते १९९५ पर्यंत सुरू झालं नाही. त्या हिवाळ्यांत येरेवानच्या घरांना दिवसाकाठी एक-दोन तास वीज मिळे आणि पाव रेशनवर होता. अशा वेळी दौऱ्यावर जाणाऱ्या बसचं डिझेल हीसुद्धा संघाच्या ताकदीची बाब ठरते.

संघांतली दरी गोलांमध्ये दिसली. होमेनेत्मेनच्या वाहे याघमुर्यानने त्या हंगामात ३८ गोल केले. दोनच वर्षांनी त्याच संघाच्या आर्सेन आवेतिस्यानने ३९ मारले. हे आकडे वाचून थक्क व्हायच्या आधी समोरचे बचावपटू कोण होते तेही पाहावं. दुबळ्या संघांविरुद्ध आघाडीवीरांचे आकडे असेच फुगतात, यात त्यांचा दोष नाही.

शेवटी शिराक आणि होमेनेत्मेन बरोबरीत आले, आणि विजेतेपद दोघांना वाटून दिलं. निर्णायक सामना का नको, असं आज वाटतं. पण त्या वेळी आर्मेनियाच्या विजेत्याला युरोपच्या स्पर्धेत जागा नव्हती. एकच नाव पाठवायची सक्ती नसली की वाटणी सोपी जाते, असा माझा तर्क आहे. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या ग्युमरीला मात्र त्या अर्ध्या विजेतेपदाचं मोल पूर्ण वाटलं असणार. देशाचा कप बनांत्स या संघाने नेला. आरारातला त्या वर्षी दोन्हींतलं काहीच मिळालं नाही, १९९३ मध्ये दोन्ही मिळालं.

चाळणी पुढे चालूच राहिली. संघ गळत गेले, नावं बदलत गेली. होमेनेत्मेनचा १९९५ मध्ये प्युनिक झाला. वेळापत्रकही हललं. युरोपसारखा शरद ते वसंत हंगाम करायचा म्हणून १९९५ च्या वसंतात एक छोटा हंगाम उरकला, तो शिराकने जिंकला. पण ग्युमरी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर, हिवाळ्यात बर्फाखाली, तिथे थंडीत खेळणं अवघडच. नव्या वेळापत्रकाच्या दोन हंगामांत प्युनिक दोनदा विजेता झाला आणि मग पुन्हा कॅलेंडर वर्षाकडे वळण्यासाठी १९९७ च्या शरदात आणखी एक तुटका हंगाम घ्यावा लागला. तो येरेवान नावाच्या क्लबने जिंकला, आणि १९९८ चा पूर्ण हंगाम आरारात गावच्या सिमेंट कारखान्याचं नाव लावणाऱ्या त्सेमेंतने.