पेन ड्राइव्ह ढाणकीला निघालाय!

दिवाळीची सुट्टी मंजूर झाली, बॅग भरून झाली. बाकरवडीचे पुडे, चार्जर, आईसाठी घेतलेली साडी, सगळं आत गेलं. आणि हो, पेन ड्राइव्ह! ताईच्या लग्नाचे फोटो आणि पूर्ण व्हिडिओ त्यातच आहेत. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले की फोटो दाबून लहान होतात, आणि आजोबांना तर ते घरच्या टीव्हीवर मोठ्ठे बघायचेत.

समजा, तुमचं गाव ढाणकी. तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, पण पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा सुरू. ऑफिसने दिलेल्या चकचकीत मॅकवर तुम्ही घाईघाईत फाइल्स कॉपी केल्या आणि पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. आता हा ड्राइव्ह गावात कुठे कुठे फिरणार बघा. फोटो स्टुडिओतला विंडोज पीसी (प्रिंट काढायच्यात ना!), घरातला टीव्ही आणि इंजिनिअरिंगला असलेल्या चुलतभावाचा लिनक्सवाला लॅपटॉप. तुमचा मॅक धरून चार यंत्रं, चार स्वभाव!

स्टुडिओत ड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर पाटी आली, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ काउंटरवरचा पोरगा माऊसवर बोट ठेवून विचारतो, ‘‘भाऊ, खाली दिसून राह्यला. फॉरमॅट मारू का?’’

थांबा! तो खाली नाहीये.

यूएसबीचं पहिलं स्टँडर्ड आलं १९९६ मध्ये. ते घडवणाऱ्या इंटेलच्या टीममध्ये अजय भट्ट हे बडोद्याला शिकलेले इंजिनिअर होते, हे आपल्याला मिरवायला आवडतंच. पेन ड्राइव्ह बाजारात आले २००० मध्ये आणि आयबीएमच्या नावाने विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये जागा होती फक्त ८ एमबी. आजचे काही मोठे फोटो तर त्यात मावायचेही नाहीत! पण या सगळ्या मंडळींनी जुळवला तो पिनचा आकार. आतली लिखापढी ज्याची त्याची राहिली.

या लिखापढीला म्हणतात फाइल सिस्टिम. आपल्या भाषेत ड्राइव्हचा सातबारा. कोणत्या गटात कोणती फाइल, किती जागा व्यापून बसलीय, याची नोंद. मॅकचा स्वतःचा सातबारा (एपीएफएस किंवा त्याआधीचा एचएफएस प्लस) विंडोजला वाचताच येत नाही. मग त्याला सगळी जमीन बेवारस वाटते आणि तो नवी वही घालायची परवानगी मागतो. फॉरमॅट म्हणजे ती नवी वही. त्या पाटीवर ‘कॅन्सल’ दाबा आणि ड्राइव्ह काढून घ्या. आतलं सगळं शाबूत असतं, मॅकला परत लावलं की दिसतं.

उलट दिशेची गंमत वेगळीच. विंडोजचा एनटीएफएस (जन्म १९९३) मॅकला वाचता येतो, पण त्यात लिहिता येत नाही. म्हणजे ड्राइव्ह उघडतो, फाइल्स दिसतात, फक्त काहीही पेस्ट होत नाही. आपण मात्र ड्राइव्हच खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला तयार!

मग सगळ्यांना चालेल असं काय?

जुनाजाणता फॅट ३२. विंडोज, मॅक, लिनक्स, टीव्ही, गाडीतला म्युझिक सिस्टिम, याचं कुणाशी वाकडं नाही. एकच खोड, ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तो घेत नाही. ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असले तरी नाहीच. फोनवर लांबलचक फोर-के शूटिंग केलं तर ही मर्यादा सहज गाठली जाते. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ? विसरा.

म्हणून एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये काढला. मॅकने २०१० मध्ये स्वीकारला. लिनक्सचं घोडं मात्र पेटंटमध्ये अडलं होतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा आराखडा खुला केला आणि त्याच वर्षी तो लिनक्सच्या गाभ्यात आला. चुलतभाऊ खूश! निघण्याआधी मॅकच्या डिस्क युटिलिटीत एक्सफॅट निवडायचं, स्कीममध्ये ‘मास्टर बूट रेकॉर्ड’, कारण नवी पद्धत काही जुन्या टीव्हींना झेपत नाही. हे फॉरमॅटच आहे, त्यामुळे ड्राइव्ह आधी रिकामा करून घ्या. स्टुडिओत अजून एक्सपीवाला म्हातारा पीसी असेल, तर प्रिंटचे फोटो फॅट ३२ च्या दुसऱ्या ड्राइव्हवर न्या. छोटा ड्राइव्ह काही महाग नसतो, राव.

तरी टीव्हीवर भूत दिसेल. प्रत्येक फोटोच्या जोडीला टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी, न उघडणारी एक फाइल. ‘‘निम्मे फोटो खराब झाले वाटतं,’’ असं आजी म्हणेल. तसं काही नसतं. मॅक आपल्या हिशेबाचे कागद वेगळे ठेवतो, तेच हे. खुशाल डिलीट करा. फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका, विंडोजला ते चालत नाही.

आणि इजेक्ट! हा आळस एक्सफॅटवर महागात पडतो. एनटीएफएस आपण काय करतोय याची टाचणवही ठेवतो, एक्सफॅट ठेवत नाही. कॉपी संपलेली दिसते, पण मेमरीतलं शेवटचं लिखाण बाकी असू शकतं. त्या क्षणी ड्राइव्ह उपटला की सातबारा अर्धवट. व्हायरसचं एका वाक्यात सांगायचं तर मॅकवर गप्प बसलेली विंडोजची फाइल गावच्या पीसीवर जागी होऊ शकते.

आता समजा, पोराने ‘फॉरमॅट’ दाबलंच. रडू नका आणि त्याच्यावर ओरडूही नका. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ला आधीच टिक असते. त्याने फक्त वही बदलते, बहुतेक जमीन तशीच राहते. (टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर मात्र सगळीकडे शून्यं लिहिली जातात आणि आशा सोडावी लागते.) त्यानंतर ड्राइव्हवर एकही नवी फाइल टाकायची नाही. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते वही बघत बसत नाही, सरळ जमिनीवरून चालत फोटो हुडकतं. फाइलची नावं परत मिळत नाहीत, सापडलेलं सगळं मात्र दुसऱ्याच डिस्कवर उतरवायचं. चुलतभावाला बसवा या कामाला, एका चहात व्हायचं नाही, मोठ्या ड्राइव्हला बराच वेळ लागतो.