जुन्या गाडीला नवी नजर आणि गार वारा
रिस्टोअर केलेली अम्बॅसेडर, पद्मिनी किंवा जीप भिलाईच्या उन्हापावसात मजेत चालवण्यासाठी चौदा चटपटीत गोष्टी

मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जुलैत जी. ई. रोडवर सर अशी कोसळते की पुढच्या ट्रकचे लाल दिवेही पुसट होतात. हीच वाट पुढे राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरला पोचते आणि इथल्या मराठी घरांच्या लग्नकार्यांना, बारशांना तीच कामी येते. अशा गावात कुणी जुनी गाडी जीव ओतून उभी केली, तर ती आच्छादनाखाली झाकून ठेवू नये, चालवावी. त्यासाठी तिला थोडा थंडावा आणि भरपूर उजेड द्यावा. पथ्य एकच: जे बोल्टने बसतं आणि बोल्टनेच निघतं ते बिनधास्त करा, ज्याला कटर लागतो, तिथे हात आवरा.

१. कारखाना आणि गाडी एकाच पिढीची

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडलेली अम्बॅसेडर त्याच सुमारास कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याहून रस्त्यावर येऊ लागली होती. भिलाईचं नाव झालं ते रुळांमुळे. गाडीच्या अंगाचा पातळ कोल्ड-रोल्ड पत्रा मात्र इथला नव्हे, तो बोकारोसारख्या कारखान्यांत तयार होतो. अम्बॅसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे आज डॅशबोर्ड किंवा दार कापलं, तर तसंच दुसरं नवं मिळणं मुश्कील. पत्रा जपायचा तो यासाठी.

२. उजेड कमी पडतो, कारण डोळाही जुना होतो

विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीतल्या डोळ्यात पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. वडिलांची गाडी आज साठीतला मुलगा चालवत असेल, तर मंद हेडलाइट आणि मंदावलेली नजर अशी दुहेरी अडचण होते. म्हणून खर्चाच्या यादीत एसीच्या आधी दिवे.

३. सात इंचांचं सुख

१९४० मध्ये अमेरिकेत सात इंची गोल सीलबंद हेडलाइट आला आणि पुढे तेच माप जगभर पसरलं. अम्बॅसेडर, पद्मिनी, जुनी जीप या सगळ्यांच्या तोंडावर हाच गोल. सीलबंद दिव्यात तार जळली की अख्खा दिवा बदलावा लागे. १९७१ मध्ये दोन तारांचा एच-फोर हॅलोजन बल्ब आला आणि फक्त बल्ब बदलून भागू लागलं. आज सात इंची एच-फोर दिवा जुन्या खोबणीत थेट बसतो, बाहेरून गाडीचं रूप जसंच्या तसं राहतं. बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापतं आणि बल्ब लवकर जातो.

४. दहावा हिस्सा दाब गेला, की तिसरा हिस्सा उजेड गेला

तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने पडतो. दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो! जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येतो आणि मग पुन्हा बोनेटच्या टोकाला जातो. लांब, बारीक नळीतून पाण्याचा जोर ओसरावा तसा दाब वाटेतच ओसरतो. उपाय स्वस्त आहे. दोन रिले, एक फ्यूज आणि जाड वायर लावा. स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो आणि दिव्यांना वीज थेट बॅटरीकडून मिळते. बल्ब मात्र नियमातला ६०/५५ वॅटचाच ठेवा. जास्त वॅटचा घातला की जुनी वायर आणि होल्डर दोन्ही वितळतात.

५. डिपर अर्ध्याच आरशावर चालतो

एच-फोर बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते आणि दिव्यातल्या आरशाचा फक्त वरचा भाग उजळते. म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. ही करामत तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून आहे. तिथे वेड्यावाकड्या जागी चिप असलेला एलईडी खोचला, की उजेड भसाभसा दिसतो, पण रस्त्यावर नव्हे, झाडांवर आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीच घडवलेला, भिंगासकटचा पूर्ण सात इंची दिवा घ्या आणि भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची जुळवून घ्या.

६. काचेवरचा बाण वाचा

डिपरचा झोत सरळ रेषेत पडत नाही. रस्त्याच्या आपल्या कडेला तो थोडा वर उचललेला असतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसतो. परदेशातून मागवलेला दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशाचा निघाला, तर तो उचललेला भाग नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. युरोपीय प्रमाणाच्या दिव्याकडे समोरून बघा. बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल, तर दिवा डावीकडून चालणाऱ्या आपल्यासारख्या देशांसाठीचा आहे.

७. डायनॅमो दमतो, अल्टरनेटर नाही

जुना डायनॅमो जेमतेम वीस-बावीस अँपिअर देतो आणि तेही इंजिनाला वेग असताना. फाटकापाशी गाडी उभी राहिली की चार्जिंग जवळजवळ थांबतं. दोन हेडलाइटच अप्परवर दहा अँपिअर खातात. त्यात वायपर, पंखा आणि एसीचा ब्लोअर आला की हिशेब कोलमडतो. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला, तेव्हापासून हा प्रश्न मिटला. जुन्या गाडीत अल्टरनेटर हा सगळ्या सुखसोयींचा पाया समजा. एक गोष्ट आधी तपासा: ब्रिटिश वळणाच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. अशा गाडीला तसाच आधुनिक रेडिओ किंवा अल्टरनेटर लावला तर तो क्षणात जळतो.

८. वायपर सुचला एका बाईला, त्याची उघडझाप एका जखमी डोळ्याला

अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये वायपरचं पेटंट घेतलं. तो वायपर आत बसून हाताने दांडी ओढून चालवायचा होता! थांबून थांबून चालणारा वायपर बनवला रॉबर्ट कर्न्स यांनी. बाटलीचं बूच लागून त्यांचा एक डोळा गेला होता, आणि वायपर पापणीसारखा का मिटू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांचं पहिलं पेटंट १९६७ चं. जुन्या वायपरच्या मोटरीला असा थांबत चालणारा रिले जोडता येतो, तोही डॅशबोर्डच्या आड. नवी रबरी पाती आणि पाण्याचा फवारा एवढं केलं तरी भिलाईचा पावसाळा निम्मा सोपा होतो.

९. फुटूनही न विखुरलेली बाटली

१९०३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून काचेचं भांडं पडलं. तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. त्यातून लॅमिनेटेड काच जन्मली. जुन्या गाडीची पुढची काच ओरखड्यांनी भरली असेल तर रात्री समोरचा प्रत्येक दिवा चांदणी होऊन फुटतो. त्याच मापाची नवी लॅमिनेटेड काच बसवून घ्या. उन्हासाठी गडद काच करायचा मोह टाळा: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, असा केंद्रीय नियम आहे.

१०. पहिला एसी बंद करायला बोनेट उघडावं लागे

अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या गाड्यांत कारखान्यातूनच एसी दिला. त्याचा पसारा डिकीत मावायचा आणि सामानाला जागा उरायची नाही. क्लच नव्हताच, थंडीत एसी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा काढून ठेवायचा. आजच्या किटमध्ये कॉम्प्रेसर बोनेटखाली, ब्लोअरची पेटी डॅशबोर्डखाली, दोन्ही बोल्टने कसलेले. एकही भोक नव्याने न पाडता नळ्या जुन्या वाटांनी नेणारा मिस्त्री भेटला, तर त्याला धरून ठेवा.

११. चाळीस घोड्यांची राणी

वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. त्यातले काही घोडे एसीचा कॉम्प्रेसर ओढून घेतो. म्हणून छोटा कॉम्प्रेसर, साफ केलेला रेडिएटर, पुढे विजेचा पंखा आणि छताखाली उष्णतारोधक थर, ही चौकडी एकत्रच बसवा. छताचा थर लावला की छोटा एसीही पुरतो. शिवाय पावसात एसीची कोरडी हवा काचेवरची वाफ झटपट घालवते, म्हणजे गारव्यासोबत नजरही साफ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे उरलेली प्रत्येक पद्मिनी जास्तच मोलाची.

१२. हातातल्या आरशापासून कॅमेऱ्यापर्यंत

१९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट यांनी आपल्या पुस्तकात महिला चालकांना सुचवलं, की हाताशी छोटा आरसा ठेवा आणि मागचं बघा. १९११ च्या इंडियानापोलिस शर्यतीत रे हॅरून यांनी गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. १९५६ च्या ब्यूइक सेंच्युरियन या प्रदर्शनी गाडीत तर आरशाऐवजी टीव्ही कॅमेरा होता. तुमच्या गाडीत हे तिन्ही मावतं: दोन्ही बाजूंना त्या काळाच्या घडणीचे गोल आरसे आणि आतल्या आरशावर चिमट्याने बसणारा पडदा, ज्यात मागचा कॅमेरा दिसतो. प्रदर्शनाच्या दिवशी पडदा काढून खिशात टाका.

१३. तिसरा लाल दिवा, टॅक्सीवाल्यांनी सिद्ध केलेला

१९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागच्या बाजूला मधोमध जादा ब्रेक लाइट लावून पाहिला. मागून होणाऱ्या धडका सुमारे साठ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत १९८६ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. जुन्या गाड्यांचे मागचे दिवे लहान आणि मिणमिणते असतात. मागच्या काचेच्या आत एक पातळ एलईडी पट्टी चिकटवली की हायवेवरच्या मागच्या ट्रकला तुमचा ब्रेक वेळेवर दिसतो. पैशांच्या मानाने सगळ्यात मोठी सुरक्षा हीच.

१४. पट्ट्यासाठी मात्र भोक पाडा

व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा सीटबेल्ट दिला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या जगाला खुलं ठेवलं. जुन्या गाडीत पट्ट्याचे बोल्ट कसायला जागाच नसते. नुसत्या पत्र्यात कसलेला बोल्ट धडकेत उपटून येतो, म्हणून पत्र्याच्या मागून जाड पोलादी पट्टी लावून घ्यावी लागते. पत्रा न छेदण्याच्या पथ्याला हा एकच अपवाद आणि तो मनापासून करावा. जोडीला दोन स्वतंत्र सर्किटांचा ब्रेक मास्टर सिलिंडर बसवा. जुन्या व्यवस्थेत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

आणि आरटीओत जाण्याआधी

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले असतील तर हा मान मिळत नाही. आणि अशी गाडी रॅली-प्रदर्शनांसाठी असते, रोजच्या वापरासाठी नाही. गाडी रोज चालवायची की व्हिंटेज म्हणून नोंदवायची, हे हत्यार हातात घेण्याआधी ठरवा.

कामाचा क्रम असा धरा: आधी ब्रेक आणि पट्टे, मग अल्टरनेटर आणि रिले, मग दिवे, काच, वायपर, आरसे, आणि शेवटी एसी. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवा. पुढच्या पिढीला गाडी जशीच्या तशी परत करता यावी आणि तोवर आपल्याला ती नागपूरपर्यंत निर्धास्त नेता यावी, या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत साधतात. त्यासाठी मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगायचं: दादा, पाना चालवा, कटर नको.